व्हाइसरॉयची खानेसुमारी

नकाशे विभागातल्या भाऊसाहेबांनी आयुष्यात समुद्र दोनदा पाहिला होता. एकदा लग्नानंतर, त्या वेळी लाटेने त्यांची डावी चप्पल नेली. दुसऱ्यांदा मुलीच्या शाळेच्या सहलीबरोबर. पण त्या दिवशी पायात नवे बूट होते, म्हणून ते बसमध्येच बसून राहिले. एवढ्या अनुभवाच्या जोरावर त्यांनी गेल्या चौदा वर्षांत समुद्रापलीकडचे खंडच्या खंड सातशेहून जास्त वेळा जिंकले होते.

भाऊसाहेब भूमापन कार्यालयात हेडक्लार्क होते. सगळं ऑफिस त्यांना भाऊसाहेब म्हणे, पण त्यात भावाची माया कमी आणि हेडक्लार्कचा धाक जास्त. त्यांच्या ताब्यात नऊ हजारांवर नकाशे होते. कापडावर चिकटवलेले, गुंडाळून पत्र्याच्या नळकांड्यांत घातलेले, आणि नळकांडी पार छताला भिडलेल्या मांडण्यांवर रचलेली. कुणाला आपल्या जमिनीच्या हद्दीची नक्कल हवी असली की अर्ज भाऊसाहेबांच्या टेबलावर यायचा. तो ते दोन दिवस तसाच ठेवायचे. काम दहा मिनिटांचं, पण लगेच नक्कल हातात दिली तर खात्याचा मान राहत नाही, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

कधी काळी हे सगळे नकाशे कॉम्प्युटरवर चढवायची योजना निघाली होती. चार कॉम्प्युटर आले, स्कॅनिंगचं एक अवाढव्य यंत्र आलं, फुगे लावून उद्घाटन झालं, आणि दोनशे सोळा नकाशे झाल्यावर योजना जी बसली ती बसलीच. यंत्राच्या खोलीला कुलूप लागलं. भाऊसाहेबांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मात्र कामाला लागला. त्यावर खेळ आला.

खेळाचं नाव परदेशी आणि जिभेला न झेपणारं होतं. भाऊसाहेब त्याला नुसतं 'गलबतं' म्हणत. जुन्या काळचं एखादं साम्राज्य निवडायचं, गलबतं हाकारायची, नवा किनारा दिसला की उतरून झेंडा रोवायचा, वसाहत थाटायची आणि तिथली साखर, कापूस, चांदी मायदेशी धाडायची. किनाऱ्यावर आधीपासून कुणीतरी राहत असेच. ही माणसं खेळात तपकिरी झोपड्यांच्या रूपाने दिसत, कुठे दोन, कुठे तीन. झोपडीपाशी पोचलं की पडद्यावर विचारणा होई: भेटवस्तू द्यायची, व्यापार करायचा, उपदेशक पाठवायचा की हल्ला करायचा? भाऊसाहेबांचा क्रम ठरलेला होता. आधी भेटवस्तू, शेवटी हल्ला, आणि मधल्या दोन गोष्टी सवड झाली तर.

या खेळाच्या चाहत्यांची इंटरनेटवर एक जागा होती. जगभरचे साडेतीनशे लोक तिथे एकमेकांशी इंग्रजीत बोलत. भाऊसाहेबांचं इंग्रजी खात्यातलं. गलबत खाडीत कसं वळवावं हे सांगतानाही ते वर विषय, खाली संदर्भ आणि शेवटी 'माहितीस्तव व पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव' असं लिहीत. तिकडच्या मंडळींना ते भलतंच भारदस्त वाटे. खऱ्या नावाने तिथे कुणीच वावरत नसे. भाऊसाहेबांनी नाव घेतलं होतं व्हाइसरॉय. राहण्याचं ठिकाण म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी समुद्रापलीकडच्या एका जुन्या, नामांकित बंदराचं नाव टाकून दिलं होतं. खोटं बोलायचा हेतू नव्हता, असं ते स्वतःला समजावत. पण व्हाइसरॉय म्हटल्यावर पत्त्यात 'पिठाच्या गिरणीमागे, दुसरा जिना' असं कसं लिहिणार? रानटी वस्त्यांशी कसं वागावं या विषयावर त्यांची बारा भागांची लेखमालाही तिथे होती. तिचा नववा भाग, 'सौम्यतेचे तोटे', विशेष गाजला होता.

त्या जगात भाऊसाहेब एकाच माणसाला मानत. त्याने ॲडमिरल हे नाव लावलं होतं, आणि तो व्हाइसरॉयच्या बंदराच्याच देशात, राजधानीत राहत असल्याचं सांगे. ॲडमिरल थोडकंच लिही, पण त्याचं एक वाक्य वाचून भाऊसाहेब दिवसभर मान डोलावत. सहा वर्षांत दोघांचे चाळीस डाव झाले, त्यातले एकोणतीस ॲडमिरलने घेतले. दुसऱ्या कुणाकडून हरले की भाऊसाहेब समोरच्या अर्जदारावर राग काढत. ॲडमिरलकडून हरणं मात्र त्यांना मानाचं वाटे. ते त्याला 'सर' म्हणत. एकाच देशात राहतो तर एकदा भेटलं पाहिजे, असं दोघंही वरचेवर लिहीत, आणि दोघांनाही नेमकी त्याच आठवड्यात सवड नसे.

ऑफिसात एक शिपाई होता, त्याला सगळे शिडी म्हणत. वय पंचेचाळीसच्या आसपास आणि उंची एवढी की सगळ्यात वरच्या मांडणीवरचं नळकांडं तो टाचा न उचलता काढून देई. तो आल्यापासून खात्याने मोडकी लाकडी शिडी दुरुस्त करायचं सोडूनच दिलं होतं. भाऊसाहेबांच्या टेबलावर घंटी होती. ती एकदा वाजली की शिडीने पाणी आणायचं, दोनदा वाजली की चहा, तीनदा वाजली की नकाशा. नऊ वर्षांत भाऊसाहेबांनी त्याला 'अरे' सोडून दुसरी हाक मारली नव्हती आणि समोरच्या खुर्चीत बस म्हटलं नव्हतं. त्यात काही वावगं आहे असंही त्यांना कधी वाटलं नाही. पंखा वर असतो, कपाट भिंतीला असतं, तसा शिपाई उभा असतो.

त्या वर्षी चाहत्यांच्या त्या जागेला वीस वर्षं पूर्ण होत होती. आपण सगळे मुळात येतो तरी कुठून, याचा एक नकाशा करू या, अशी कुणीतरी कल्पना काढली. नकाशावर प्रत्येकाने आपल्या गावी एक टाचणी टोचायची. नकाशा म्हटल्यावर भाऊसाहेब पुढे सरसावले. त्यांनी आठ रकान्यांचा तक्ता आखला, त्याला खानेसुमारी असं नाव दिलं, आणि पंधरा दिवसांच्या आत माहिती न देणाऱ्याचं सभासदत्व तपासलं जाईल अशी तंबीही दिली. तंबी द्यायचा अधिकार त्यांना कुणी दिला नव्हता, पण कुणी हरकतही घेतली नाही.

त्यांची अपेक्षा साधी होती. ज्या देशांची गलबतं खेळात आहेत त्या देशांच्या बंदरांवर टाचण्यांचा खच पडणार, आणि मधोमध आपली आणि ॲडमिरलची टाचणी शोभून दिसणार.

माहिती यायला लागली आणि भाऊसाहेबांचं तोंड उतरत गेलं. एकशे सत्त्याऐंशी जणांनी पत्ते पाठवले. त्यातले गलबतांच्या देशांतले भरले एकतीस. बाकीचे कुठून कुठून निघाले! ज्या देशाला वीतभरही किनारा नाही तिथला एक बसड्रायव्हर. डोंगरातले दोन भाऊ, ज्यांनी समुद्र चित्रात पाहिला होता आणि जे विचारत होते, समुद्राचं पाणी खारट असतं म्हणजे नक्की किती? खाणीच्या गावातला एक न्हावी. खेळात जिथून चांदी काढून गलबतांत भरत, ती खाण त्याच्या दुकानापासून दीड कोसावर होती आणि तिथे आता वटवाघळं राहत होती. आणि एका चिमुकल्या बेटावरच्या इस्पितळातली नर्स. तिने तक्त्याचे आठही रकाने नीट भरले आणि खाली एक ओळ जास्तीची लिहिली: 'खेळात आमच्या बेटावर तीन झोपड्या आहेत. मी तिसरीतून लिहितेय.'

भाऊसाहेबांना ही ओळ अजिबात रुचली नाही. आयुष्यभर ज्यांच्या झोपड्या आपण जाळत आलो तीच मंडळी शेजारी बसून आपल्याबरोबर झोपड्या जाळत होती, हे कळल्यावर त्यांना कुणीतरी आपल्याला फसवल्यासारखं वाटलं. ही माणसं साम्राज्यं चालवायला आली म्हणजे काय? त्यांनी ॲडमिरलला खाजगीत लांबलचक पत्र लिहिलं. आपल्या घरात भलतेसलते लोक शिरले आहेत. टाचण्या फक्त मूळ साम्राज्यांपुरत्या ठेवून बाकीच्यांची संख्या तळटिपेत द्यावी का, याबद्दल सरांचं मार्गदर्शन हवं आहे. ॲडमिरलचं उत्तर एका ओळीचं आलं. 'व्हाइसरॉय, सगळ्यांना मोजा. मोजणं हे तुमचं कामच आहे.' भाऊसाहेबांना त्यात आपली स्तुती दिसली.

घरीही त्या नकाशाने एक छोटीशी ठिणगी पाडली. भाऊसाहेबांच्या बायकोला, ती शाळेत गणित शिकवायची, मोजामापाची आवड होती. एका रविवारी ती त्यांच्या खांद्यावरून वाकून टाचण्या बघत राहिली. हे सगळे कोण, ते कोण, असं विचारता विचारता ती त्या नामांकित बंदरावर पोचली. तिथली टाचणी कोणाची, हे भाऊसाहेबांनी आधी सांगितलं नाही, मग पुटपुटत सांगितलं.

"अच्छा," ती म्हणाली. "मग मी कुठे राहते?"

भाऊसाहेबांनी तो विषय टोलवला. ती पेपर तपासायला निघून गेली, पण आठवडाभर ती त्यांना घरात येताना 'प्रवास बरा झाला ना' असं विचारत राहिली.

त्याच सुमारास ऑफिससमोरचा रस्ता गटाराच्या कामासाठी खणायला घेतला होता. दर तीनचार दिवसांनी कामगारांच्या पहारी विजेच्या तारेत घुसत आणि भर दुपारी अख्खं कार्यालय अंधारं होई. भाऊसाहेबांचा डाव जेवणाच्या सुट्टीत सुरू होऊन तीन-साडेतीनपर्यंत चाले, त्यामुळे त्यांचं फार नुकसान होत होतं. त्या वेळी ते, ॲडमिरल आणि बेटावरची नर्स असे तिघं एका डावात होते. नर्सला भाऊसाहेबांनी नाइलाजाने घेतलं होतं. तिसरं कुणी मिळत नव्हतं. दक्षिणेच्या किनाऱ्यावर तीन झोपड्यांची एक वस्ती होती, आणि तिचं काय करायचं यावर भाऊसाहेब आणि ॲडमिरल यांचा चार दिवस खल चालला होता.

पाचव्या दिवशी वीज गेली, आली, आणि भाऊसाहेबांनी खेळ उघडला तर नर्सचा निरोप वाट बघत होता. तुम्ही दोघं नेहमी एकाच मिनिटाला कसे गायब होता, असं तिने विचारलं होतं. तुमच्या बंदरात आणि राजधानीत मिळून एकच फ्यूज आहे का?

भाऊसाहेब हसले. मग त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. माणूस नकाशाखात्यातला, नोंदी ठेवायची सवय. त्यांनी मागच्या महिन्याच्या सगळ्या वेळा काढून समोरासमोर मांडल्या. वीज सात वेळा गेली होती. ॲडमिरल सात वेळा गेला होता, त्याच मिनिटाला. परत येण्यात फक्त दोनचार मिनिटांचा फरक.

म्हणजे ॲडमिरल याच इमारतीत बसतो.

इमारतीत कॉम्प्युटर चारच. एक त्यांचा. एक हिशेबनिसांचा; त्या बाई त्याला बोट लावायच्या आधी हात जोडायच्या, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता. एक मोठ्या साहेबांचा. चौथा स्कॅनिंगच्या खोलीत, आणि त्या खोलीला कुलूप. कुलपाला किल्ली असते आणि किल्ली कुणाच्या तरी खिशात असते, एवढा पुढचा विचार भाऊसाहेबांनी केला नाही. त्यांना सगळं लख्ख दिसलं. ॲडमिरल म्हणजे मोठे साहेब. ते मोजकं बोलणं, ती करडी नजर, आणि केबिनच्या भिंतीवर रंगाच्या कंपनीचं कॅलेंडर. त्यावर चक्क शिडाचं जहाज. सहा वर्षं आपण साहेबांनाच 'सर' म्हणत आलो, आणि साहेब आपल्याला बरोबरीच्या नात्याने वागवत आले, या विचाराने भाऊसाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

उघड विचारणं बरं दिसलं नसतं. त्यांनी खुणेने बोलायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सह्यांच्या फायली घेऊन ते केबिनमध्ये गेले, टेबलाजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "वारा अनुकूल आहे, सर."

मोठ्या साहेबांनी वर पंख्याकडे पाहिलं. तो नेहमीसारखाच फिरत होता. त्यांनी शिडीला बोलावून पंख्याचा वेग कमी करून घेतला. शिडीने बटण फिरवता फिरवता एकदा भाऊसाहेबांकडे पाहिलं आणि निघून गेला. भाऊसाहेब मात्र खूष. काय कसलेला माणूस आहे, त्यांनी मनाशी म्हटलं, ताकास तूर लागू देत नाही!

दोन दिवसांनी त्यांनी दुसरी खूण टाकली. "दक्षिणेच्या वस्तीचं काय करायचं ठरवलंत, सर? मी तुमच्या शब्दाची वाट बघतोय."

मोठे साहेब चपापले. त्यांना कुठलाही खेळ माहीत नव्हता. त्यांना माहीत होती एक फाइल. शहराच्या दक्षिणेला, नाल्यापलीकडे, ब्याऐंशी घरांची एक वस्ती होती. ती जागा नेमकी कुणाच्या हद्दीत येते हा वाद अकरा वर्षं भिजत पडला होता, आणि कुणालाच दुखवायला नको म्हणून साहेबांनी तो तसाच भिजू दिला होता. एकोणीस वर्षांत ज्या हेडक्लार्कने आपणहून एक अर्ज पुढे सरकवला नाही, तो आज वाकून, आवाज उतरवून हा विषय काढतोय म्हणजे वरून कुणाचा तरी दट्ट्या आला असणार.

"मोजून टाका," ते म्हणाले. "नोटिसा काढा. माझी वाट बघू नका."

भाऊसाहेब तरंगत टेबलाशी आले. ॲडमिरलने हुकूम दिला होता. पण तासाभरात दक्षिण वस्तीची खरीखुरी फाइल, तिच्यावर साहेबांचा खरोखरचा शेरा, आणि ब्याऐंशी कोऱ्या नोटिसा त्यांच्यासमोर येऊन पडल्या, तेव्हा ते जरा गोंधळले. सरांची विनोदाची पद्धत असेल, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. मग वाटलं, असो, शेरा तर आहे. शेरा असला की त्याखाली काय करायचं हे भाऊसाहेबांच्या हाताला विचार न करता येई. त्यांनी ब्याऐंशी नोटिसा भरल्या: अमुक दिवशी सरकारी मोजणी होईल, कब्जेदाराने पुराव्यासह हजर राहावं, पुरावा नसल्यास पुढील कारवाईस पात्र राहील. सह्या केल्या, शिक्के मारले, आणि वाटायला शिडीकडे दिल्या.

शिडी गठ्ठा घेऊन नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ टेबलापाशी उभा राहिला. भाऊसाहेबांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डाव लावला तर ॲडमिरल आला नाही. भाऊसाहेब वाट बघत बसले होते, तेवढ्यात शिडी आत आला. घंटी वाजली नव्हती. त्याने समोरची खुर्ची ओढली, तिच्यावरचे अर्ज उचलून खाली ठेवले आणि तो बसला.

नऊ वर्षांत भाऊसाहेबांनी शिडीचा चेहरा आपल्या चेहऱ्याच्या उंचीवर कधी पाहिला नव्हता.

"अरे, ऊठ," ते म्हणाले.

"उठतो. परवा तुम्ही पूर्वेच्या खाडीत दोन गलबतं लपवलीत, भाऊसाहेब. नर्सला दिसली नाहीत. मला दिसली."

भाऊसाहेब त्याच्याकडे बघत राहिले. ती गलबतं त्यांनी स्वतःच्या बायकोलाही सांगितली नव्हती. आधी वाटलं, मोठ्या साहेबांनी याला सांगितलं असेल. मग साहेब शिपायाला गलबतांबद्दल का सांगतील, हा प्रश्न पडला. मग हळूहळू, तळातून वर आल्यासारखा, सगळा उलगडा झाला, आणि त्यांचे कान आधी गरम आणि मग गार पडले.

"तू… म्हणजे, तुम्ही… तू कुठून आलास या खेळात?"

"तुमच्या खुर्चीच्या मागून," शिडी म्हणाला.

मग त्याने सांगितलं. सहा वर्षांपूर्वी तो एकदा पाणी घेऊन आला होता आणि भाऊसाहेब एका किल्ल्याला वेढा घालण्यात गुंग होते. ग्लास घेऊन तो मागे वीस मिनिटं उभा राहिला. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन अर्धा तास. महिनाभरात त्याला खेळ समजला, आणि भाऊसाहेब कुठे चुकतात तेही समजलं. स्कॅनिंगच्या खोलीची किल्ली त्याच्याकडेच होती. सगळ्याच किल्ल्या त्याच्याकडे असत. घंटी वाजेल तेव्हा डाव थांबवून तो पाणी आणून देई आणि परत जाऊन भाऊसाहेबांचं एखादं बंदर घेई. व्हाइसरॉय कोण हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

फसवलं गेल्याचं दुःख भाऊसाहेबांना त्या घडीला फारसं झालं नाही. ते मनातल्या मनात, आपण या माणसाला किती वेळा 'सर' म्हटलं, याचा आकडा लावत होते. आकडा हजारावर जात होता.

"आणि ते राजधानीत राहतो वगैरे?" त्यांनी विचारलं.

शिडीने खांदे उडवले. तुम्ही बंदर घेतलंत, तेव्हा मला राजधानी घ्यावी लागली, असं तो म्हणाला. वस्त्या त्यानेही पुष्कळ जाळल्या होत्या, भाऊसाहेबांपेक्षा जास्तच, आणि मजा येत होती हेही त्याने लपवलं नाही. पण दक्षिण वस्तीत नाल्याकडून चौथं घर त्याचं स्वतःचं होतं. काल ब्याऐंशी नोटिसा वाटताना एक त्याने आपल्याच दारात आपल्याच बायकोच्या हातात दिली होती आणि पोच म्हणून तिची सही घेतली होती.

"तिने विचारलं, हे कुणी काढलं? मी म्हटलं, मोठ्या साहेबांनी. तुमचं नाव घेतलं नाही," शिडी म्हणाला, आणि जरा थांबून पुढे म्हणाला, "अजून."

भाऊसाहेबांची पाचावर धारण बसली. ब्याऐंशी घरं टेबलाशी येऊन उभी राहिलेली त्यांना दिसली. त्याहून स्पष्ट दिसले मोठे साहेब, वारा अनुकूल आहे म्हणजे काय, असं विचारणारे. ऑफिसच्या वेळेत चौदा वर्षं चाललेले सातशे डाव दिसले. कोणत्या चित्राने ते जास्त हलले हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं.

"काय करायचं?" ते म्हणाले. आणि सवयीने पुढे निघून गेलं, "सर."

शिडीने तो शब्द ऐकून घेतला, हसला नाही. तुम्ही नेहमी जे करता तेच करायचं, असं त्याने सांगितलं. काहीच न होऊ देणं. त्यात भाऊसाहेबांचा हात धरणारं खात्यात दुसरं कुणी नव्हतं. त्याच दुपारी भाऊसाहेबांनी साहेबांपुढे टिपणी ठेवली: दक्षिण हद्दीचा मूळ नकाशा अतिजीर्ण झाला असून उलगडल्यास फाटून पुरावा नष्ट होण्याची शक्यता आहे, सबब नवीन प्रत तयार होईपर्यंत मोजणी स्थगित ठेवणं योग्य होईल. नकाशा खरं तर ठणठणीत होता. शिडीने तो सगळ्यात वरच्या मांडणीवर, भिंतीकडच्या कोपऱ्यात सरकवून दिला. आपल्यावरचा वरचा दट्ट्या टळला असं समजून मोठ्या साहेबांनी टिपणीवर अशा झोकात सही केली की शाई पुढच्या पानावर उमटली.

घरी भाऊसाहेबांनी बायकोला सांगितलं की आज आपण ब्याऐंशी कुटुंबांची घरं वाचवली. कुणापासून वाचवली ते सांगितलं नाही. तिने विचारलं, तेव्हा म्हणाले, यंत्रणेपासून.

खेळ काही थांबला नाही. पण आठवडाभरात ॲडमिरलने खानेसुमारीचा आपला तक्ता बदलून पाठवला. राजधानी खोडून त्याने शहराचं खरं नाव लिहिलं होतं, वस्ती, नाल्याकडून चौथं घर, व्यवसाय शिपाई, भूमापन कार्यालय. चाहत्यांच्या जागेवर धमाल उडाली. बसड्रायव्हरने अभिनंदन केलं, न्हाव्याने विचारलं तुमच्याकडे वटवाघळं आहेत का, आणि नर्सने लिहिलं की झोपड्यांच्या बाजूने आता आम्ही इतके झालो की पुढच्या डावात गलबतांनीच जपून यावं. कुणीतरी विचारलं, एवढा तरबेज खेळ तुला शिकवला कुणी? शिडीने उत्तर दिलं, आमच्या ऑफिसातल्या एका भाऊसाहेबांचं बघून बघून शिकलो. ते या नकाशावर आहेत का, असा पुढचा प्रश्न आला. त्यावर त्याने लिहिलं, त्यांना विचारावं लागेल.

हे सगळं भाऊसाहेब भिंतीपलीकडे आपल्या टेबलाशी बसून वाचत होते. खानेसुमारीचे प्रमुख तेच. ॲडमिरलची टाचणी राजधानीतून काढून योग्य जागी टोचायचं कामही त्यांचंच. ती त्यांनी टोचली. टोचल्यावर, अधिकारी म्हणून, सगळ्यांच्या वतीने स्वागताचे दोन शब्द लिहिणं भाग होतं. 'आपल्या शहराविषयी वाचून आनंद झाला,' त्यांनी समुद्रापलीकडच्या बंदरातून लिहिलं. 'तिथलं हवामान कसं असतं?'

'तुमच्याकडे असतं तसंच,' ॲडमिरलने कळवलं.

तीन दिवस भाऊसाहेबांचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी आपली टाचणी उचलली. बंदरावरून उचलली, समुद्र ओलांडला, किनाऱ्यावर आणली, आपल्या देशात, आपल्या शहरात आणली. पिठाच्या गिरणीपर्यंतही जवळजवळ आणली होती. पण तिथे हात अडला, आणि शेवटी त्यांनी ती शहराच्या उत्तरेला, टेकडीवरच्या बंगल्यांच्या भागात टोचली. मोठे साहेब तिकडे राहत. हवा चांगली होती.

दुसऱ्या दिवशी शिडी एका अर्जदाराचा नकाशा घेऊन आला. नकाशा टेबलावर ठेवून तो खुर्चीत टेकला. अलीकडे तो टेकत असे, आणि भाऊसाहेब तेवढ्यापुरते खिडकीबाहेर बघत.

"भाऊसाहेब, टाचणी पाहिली तुमची," तो म्हणाला. "तिथे पाण्याची टाकी आहे."

"टाकीच्या शेजारी."

"शेजारी काही नाही. मी तिकडे टपाल देतो."

भाऊसाहेबांनी भिंग उचललं, अर्जदाराची हद्द तपासली, शिक्का शाईवर दाबला. मग आवाज खाली आणून म्हणाले की एकदम मोठं अंतर तोडणं बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील. टप्प्याटप्प्याने खाली येईन. शिडीने मान डोलावली आणि नक्कल घेऊन बाहेर गेला. तो अर्जदार बाकावर बसायला जात होता, त्याला शिडीने थांबवलं आणि नक्कल तिथल्या तिथे त्याच्या हातात ठेवली.

या गोष्टीला दीड वर्ष होत आलं. खानेसुमारी छापून झाली, टाचण्या एकशे नव्वदवर गेल्या. भाऊसाहेबांची अजून टाकीवरच आहे. मध्यंतरी डोंगरातल्या त्या दोन भावांनी त्यांना अगदी आदराने विचारलं की व्हाइसरॉयसाहेब, तुम्ही पाण्यात राहता का? भाऊसाहेबांनी विषय आणि संदर्भ घालून सविस्तर उत्तर दिलं. त्यात हो की नाही ते कुठेच नव्हतं.